ब्रिटनमध्ये मोठी गाडी घेताना रोड टॅक्सचा हिशेब कसा करावा

२२ मार्च २००६ रोजी नोंदणी झालेली एक सात आसनी गाडी आणि २४ मार्च २००६ रोजी नोंदणी झालेली तिच्यासारखीच दुसरी गाडी इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे शेजारी शेजारी उभ्या आहेत, असे समजा. दोन्हींचे इंजिन एक, रंग एक, किंमतही जवळपास सारखीच, आणि कागदोपत्री दोन्ही गाड्या दर किलोमीटरला २६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतात. पहिल्या गाडीचा वार्षिक रोड टॅक्स ४३० पौंड आहे आणि दुसरीचा ७६० पौंड. हा ३३० पौंडांचा फरक गाडीतल्या कोणत्याही गोष्टीमुळे पडत नाही, तो केवळ दोन दिवसांच्या अंतरामुळे पडतो, आणि गाडी भंगारात जाईपर्यंत किंवा कायदा बदलेपर्यंत दरवर्षी पडत राहतो. विक्रेता हे आपण होऊन सांगेलच असे नाही, आणि सांगितले नाही म्हणून त्याला दोषही देता येत नाही, कारण ही माहिती गाडीच्या कागदावर आणि सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ती कशी पाहावी, कोणत्या क्रमाने पाहावी आणि तिच्यावरून खर्चाचा अंदाज कसा बांधावा, हे येथे मांडले आहे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मोठ्या गाडीची गरज बहुधा हौसेपोटी पडत नाही. दोन मुले, त्यांच्या बाल-आसनांनी व्यापलेली मागची सीट, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून किंवा नागपूरहून आलेले आईवडील, एवढी माणसे पाच आसनांत मावत नाहीत. मग झाफिरा, गॅलक्सी, शरान किंवा व्होल्वोची एक्ससी ९० अशी जुनी सेव्हन-सीटर शोधली जाते, आणि तिची किंमत पाहून आश्चर्य वाटते, कारण त्याच वयाच्या साध्या हॅचबॅकपेक्षा ती कधी कधी स्वस्त असते. त्या स्वस्ताईमागे अनेकदा रोड टॅक्स दडलेला असतो.

येथील सर्व दर १ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेल्या २०२५-२६ या वर्षाचे आहेत. हे दर साधारणपणे दर एप्रिलमध्ये महागाईच्या प्रमाणात वाढवले जातात, त्यामुळे प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी चालू वर्षाचा आकडा सरकारी तक्त्यावर ताडून पाहावा. आकडे बदलले तरी हिशेबाची रीत तीच राहते.

आधी एक सवय मोडावी लागते

महाराष्ट्रात खासगी मोटारीचा कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरला जातो आणि तो गाडीच्या किमतीवर व इंधनाच्या प्रकारावर ठरतो. पुण्यात जुनी गाडी घेणारा माणूस इंजिन पाहतो, टायर पाहतो, विमा पाहतो, पण कराचा विचार सहसा करत नाही, कारण तो पहिल्या मालकाने भरून टाकलेला असतो. ब्रिटनमध्ये हीच सवय महागात पडते. येथे वाहनकर दरवर्षी भरावा लागतो, तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने भरायचा असतो, आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातच नाही. त्याच दिवसापासून काचेवर चिकटवण्याची कागदी चकतीही बंद झाली, त्यामुळे गाडीकडे पाहून कर भरला आहे की नाही हे कळण्याची सोय उरलेली नाही.

या कराचे कायदेशीर नाव व्हेइकल एक्साइज ड्यूटी असे आहे. केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवलेल्या निधीची पद्धत १९३७ मध्येच संपली, आणि तेव्हापासून हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. तरीही लोक त्याला रोड टॅक्सच म्हणतात, आणि येथेही तोच शब्द वापरला आहे.

तारीख, मग ग्रॅम, आणि किंमत सर्वांत शेवटी

गाडी किती धूर सोडते यावर कर ठरतो, असे सगळेच सांगतात. ते अर्धेच खरे आहे. गाडीची पहिली नोंदणी कोणत्या दिवशी झाली यावर आधी नियमांचा संच ठरतो, आणि त्या संचात उत्सर्जनाला काही महत्त्व आहे की नाही हे त्यानंतर कळते. म्हणून जाहिरात वाचताना नजर प्रथम नोंदणीच्या तारखेकडे जावी.

१ मार्च २००१ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना उत्सर्जनाचा नियम लागूच नाही. त्यांचा कर इंजिनच्या आकारावर ठरतो. १५४९ सीसीपर्यंत २२० पौंड आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ३६० पौंड. म्हणजे २००० सालची चार लिटर इंजिनाची अवाढव्य जीप वर्षाला ३६० पौंड भरते, आणि तिच्यापेक्षा बराच कमी धूर सोडणारी २००८ सालची गाडी तिच्या दुप्पट भरू शकते. हे न्याय्य आहे असे कोणी म्हणणार नाही, पण नियम असा आहे.

१ मार्च २००१ ते ३१ मार्च २०१७ या काळात नोंदणी झालेल्या गाड्यांसाठी ए पासून एम पर्यंत तेरा गट आहेत आणि गट कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर ठरतो. मोठ्या गाड्यांच्या मालकांना सर्वाधिक फटका बसतो तो याच गटांमध्ये, आणि जुन्या सेव्हन-सीटरपैकी बऱ्याच याच काळातल्या असतात.

१ एप्रिल २०१७ पासून नोंदणी झालेल्या गाड्यांसाठी मात्र उत्सर्जनाचा आकडा फक्त पहिल्या वर्षापुरता महत्त्वाचा ठरतो. पुढच्या वर्षांपासून लहान-मोठ्या सर्व गाड्यांना एकच दर आहे, तो २०२५-२६ साठी १९५ पौंड आहे. जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. दर किलोमीटरला २४० ग्रॅम सोडणारी गाडी ३१ मार्च २०१७ रोजी नोंदवली गेली असेल तर तिला वर्षाला ७३५ पौंड पडतात, आणि दुसऱ्या दिवशी नोंदवली गेली असेल तर १९५. उलट, ९५ ग्रॅमची चिमुकली गाडी मार्चमध्ये नोंदवलेली असेल तर २० पौंडांत सुटते आणि एप्रिलमध्ये नोंदवलेली असेल तर तीही १९५ भरते. सरकारने असे का केले, याचे उत्तर सोपे होते. नव्या गाड्यांचे उत्सर्जन इतके घटत गेले की बहुतेक गाड्या शून्य किंवा नाममात्र कराच्या गटात जाऊ लागल्या, आणि तिजोरी आटू लागली. तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी जुलै २०१५ च्या अर्थसंकल्पात ही फेररचना जाहीर केली. तिचा अनपेक्षित लाभ आज २०१७ नंतरची मोठी गाडी सेकंडहँड घेणाऱ्याला मिळतो, आणि माझ्या मते मोठी गाडी हवीच असणाऱ्याने थोडे जास्त पैसे टाकून याच काळातली गाडी शोधणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

लॉगबुकात काय वाचावे

गाडीचे नोंदणीपत्र, म्हणजे व्ही-५-सी, ज्याला सगळे लॉगबुक म्हणतात, त्यात दोन रकाने पाहावेत. बी हा पहिल्या नोंदणीच्या तारखेचा आणि व्ही.७ हा दर किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो याचा. नंबर प्लेटवरून वर्षाचा अंदाज येतो, पण येथे वर्ष पुरेसे नसते. '०६' अशी प्लेट १ मार्च २००६ ते ३१ ऑगस्ट २००६ या काळातल्या गाड्यांना मिळाली, आणि ज्या २३ मार्च २००६ या तारखेवर एवढे अवलंबून आहे ती नेमकी याच काळात येते. '१७' प्लेटचेही तसेच. तिच्यातल्या मार्चमधल्या गाड्या जुन्या नियमाखाली येतात आणि एप्रिलपासूनच्या नव्या. त्यामुळे "गाडी २०१७ ची आहे" एवढे उत्तर मिळाले तर समाधान मानू नये, दिवस आणि महिना विचारावा.

विक्रेत्याने लॉगबुक दाखवण्याआधीही हे तपासता येते. डीव्हीएलए या वाहन परवाना विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की कार्बन डायऑक्साइडचा आकडा, नोंदणीचा महिना, कराची मुदत आणि एमओटी या वार्षिक तपासणीची मुदत विनामूल्य दिसते. मात्र तेथे फक्त महिना दिसत असेल आणि तो मार्च २००६ असेल, तर नेमक्या दिवसासाठी लॉगबुकच पाहावे लागते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा आकडा या गाडीला लागू करण्याची चूकही करू नये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना जाणारी ताकद, मोठे इंजिन, यांपैकी काहीही वेगळे असेल तर आकडा बदलतो, आणि तो एका ग्रॅमने जरी बदलला तरी गट बदलू शकतो.

एका ग्रॅमचे मोल

२००१ ते २०१७ या काळातल्या गटांचे दर वरच्या टोकाकडे पाहिले की त्यांची रचना लक्षात येते. १५१ ते १६५ ग्रॅमचा जी गट २६५ पौंड भरतो. त्यापुढे एच ३१५, आय ३४५, जे ३९५ आणि २०१ ते २२५ ग्रॅमचा के गट ४३०, अशी चढण बरीच सौम्य आहे. मग एकदम कडा लागतो. २२६ ग्रॅमपासून एल गट सुरू होतो आणि त्याचा दर ७३५ पौंड आहे, तर २५५ ग्रॅमच्या पुढचा एम गट ७६० पौंडांवर आहे. म्हणजे २२५ आणि २२६ या दोन आकड्यांमधल्या एका ग्रॅमची किंमत वर्षाला ३०५ पौंड होते, आणि त्यानंतर तीस-चाळीस ग्रॅम अधिक सोडणाऱ्या गाडीला फक्त २५ पौंड जास्त पडतात. सेव्हन-सीटर शोधताना ज्या एका आकड्याची खूणगाठ बांधावी तो २२५ हा आहे.

याला अपवाद आहे, आणि सुरुवातीचे दोन जुळ्या गाड्यांचे उदाहरण त्यातूनच आले. २३ मार्च २००६ पूर्वी नोंदणी झालेली गाडी २२५ ग्रॅमपेक्षा कितीही जास्त सोडत असली तरी ती के गटातच राहते आणि ४३० पौंडच भरते. या अपवादामागचा इतिहास थोडा सांगण्यासारखा आहे. गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना त्यांनी २००६ च्या अर्थसंकल्पात सर्वाधिक धूर सोडणाऱ्या नव्या गाड्यांसाठी वेगळा, महागडा गट सुरू केला, आणि तो २३ मार्च २००६ पासून नोंदणी होणाऱ्या गाड्यांनाच लागू होता. मार्च २००८ मध्ये त्यांच्यानंतरचे अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी सात गटांऐवजी तेरा गट करण्याची आणि वरच्या गटांचे वाढीव दर २००१ पासूनच्या जुन्या गाड्यांनाही लावण्याची योजना मांडली. ज्यांनी चार-पाच वर्षांपूर्वी, हा नियम अस्तित्वातच नसताना गाडी घेतली होती, त्यांच्यावर मागाहून बोजा टाकला जात होता, आणि त्यांतले बरेच जण श्रीमंत नव्हते, जुनी कौटुंबिक गाडी वापरणारे होते. सरकारच्या स्वतःच्या पक्षातही त्यावरून असंतोष पसरला. नोव्हेंबर २००८ मध्ये माघार घेतली गेली. वाढ टप्प्याटप्प्याने आणि मर्यादित ठेवण्यात आली, आणि मार्च २००६ पूर्वीच्या गाड्यांना के गटाची छत्री कायम राहिली.

या घटनेतून खरेदीदाराने एवढे ध्यानात घ्यावे की, आजचा दर उद्या मागाहून बदलला जाणारच नाही अशी हमी कोणी दिलेली नाही. परंतु जुन्या गाड्यांचे गट मोडून त्यांना नव्याने भार लावण्याचा प्रयत्न तेव्हा अंगाशी आला होता, आणि त्यानंतरच्या २०१७ व २०२५ च्या मोठ्या वाढींचा मुख्य भार नव्या नोंदणीच्या गाड्यांवर ठेवला गेला.

किमतीशी तुलना

एल गटातली जुनी गाडी २,५०० पौंडांना मिळत असेल तर साडेतीन वर्षांत तिच्या किमतीएवढा नुसता करच भरला जातो. पण याचा अर्थ ती घेऊच नये असा होत नाही. आपण गाडी किती चालवतो यावर खरा निर्णय ठरतो, आणि हे पाहण्यासाठी ग्रॅमचे लिटर करून पाहावेत.

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि एक लिटर पेट्रोलपासून सुमारे २.३ किलो. म्हणून लॉगबुकातला आकडा हा एका अर्थी इंधनाच्या खपाचाच आकडा असतो. दर किलोमीटरला २४० ग्रॅम सोडणारी डिझेल गाडी १०० किलोमीटरला सुमारे ९.१ लिटर पिते, आणि १६० ग्रॅमची सुमारे ६.१ लिटर. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या यापेक्षा अधिक पितात, कारण जुन्या काळातल्या प्रयोगशाळेतील चाचण्या रस्त्यापेक्षा फार सौम्य होत्या, पण तुलनेसाठी हे पुरते. आता वर्षाला ७,५०० मैल, म्हणजे सुमारे १२,००० किलोमीटर गाडी चालली तर दोघींच्या इंधनातला फरक सुमारे ३६० लिटरचा येतो. लिटरचा भाव १.४० पौंड धरला तर हे ५०० पौंडांच्या आसपास जाते. एल आणि जी गटांतल्या करातला फरक ४७० पौंडांचा आहे. म्हणजे मोठी गाडी वर्षाला सुमारे एक हजार पौंड जास्त खाते, त्यातले निम्मे पंपावर आणि निम्मे डीव्हीएलएकडे जातात.

हीच गाडी वर्षात फक्त अडीच हजार मैल चालली तर इंधनातला फरक १७० पौंडांवर येतो, पण कर एका पैशानेही कमी होत नाही. या करावरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप येथेच आहे. धूर गाडी चालवल्याने निघतो आणि कर मात्र ती बाळगल्याबद्दल द्यावा लागतो. रेल्वेने कामावर जाणारा आणि गाडी केवळ शनिवार-रविवारी काढणारा माणूस दर मैलामागे हा कर सर्वांत महाग दराने भरतो. अशा माणसाने वर्षाकाठी दोन-चार वेळा मोठी गाडी भाड्याने घेण्याचा आणि एरवी लहान गाडी ठेवण्याचा हिशेब जरूर मांडून पाहावा. आईवडील येतात ते सहा महिने मात्र हा उपाय चालत नाही, हेही खरे.

नवी मोठी गाडी घेत असाल तर

येथे चित्र उलटे होते. नव्या गाडीचा पहिल्या वर्षाचा कर उत्सर्जनावर असतो आणि १ एप्रिल २०२५ रोजी ७५ ग्रॅमपेक्षा जास्त सोडणाऱ्या सर्व गाड्यांसाठी तो एका झटक्यात दुप्पट झाला. १५१ ते १७० ग्रॅमला १,३६० पौंड, १७१ ते १९० ला २,१९०, १९१ ते २२५ ला ३,३००, २२६ ते २५५ ला ४,६८० आणि त्यापुढे ५,४९० पौंड. डिझेल गाडी प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाच्या ताज्या कसोटीला उतरलेली नसेल तर तिला एक पायरी वरचा दर लागतो. ही रक्कम विक्रेता गाडीच्या एकूण किमतीत मिळवून सांगतो, त्यामुळे ती सवलतींच्या गर्दीत हरवून जाते. कोटेशनमध्ये ती वेगळी लिहून मागावी.

नव्या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे जी शोरूममध्ये क्वचित बोलली जाते. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांचा कर डब्ल्यूएलटीपी या चाचणीच्या आकड्यावर ठरतो, आणि त्या पद्धतीत आकडा निव्वळ मॉडेलचा नसतो, तर तुम्ही निवडलेल्या गाडीचा असतो. मोठी चाके, काचेचे छप्पर, असे वजन किंवा हवेचा रोध वाढवणारे पर्याय घेतले की ग्रॅम वाढतात. १६९ ग्रॅमची गाडी एकोणीसऐवजी एकवीस इंचांच्या चाकांमुळे १७१ वर गेली तर त्या चाकांच्या किमतीखेरीज ८३० पौंड कराचे जातात. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी, सर्व पर्यायांसकट या विशिष्ट गाडीचा आकडा किती, असा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. कराचा दर नोंदणीच्या दिवसाचा लागतो, ऑर्डरच्या दिवसाचा नव्हे. त्यामुळे मार्चमध्ये मिळणारी गाडी एप्रिलमध्ये आली तर वाढीव दर तुमच्या माथी येतो.

त्यानंतर किमतीचा भाग येतो. पेट्रोल किंवा डिझेल गाडीची छापील किंमत ४०,००० पौंडांपेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षे दरवर्षी ४२५ पौंडांचा अधिभार १९५ च्या वर द्यावा लागतो. येथे छापील किंमत म्हणजे सवलतीपूर्वीची, व्हॅटसह आणि कारखान्यातून बसवलेल्या पर्यायांसह असलेली किंमत. घासाघीस करून गाडी ३८,००० ला मिळवली तरी अधिभार चुकत नाही, आणि ३९,९०० च्या गाडीला मेटॅलिक रंग घेतला तर पाच वर्षांत २,१२५ पौंडांचा रंग होतो. दर किलोमीटरला २०० ग्रॅम सोडणारी आणि या मर्यादेवरची पेट्रोल एसयूव्ही पहिल्या सहा वर्षांत २०२५-२६ च्या दराने ३,३०० अधिक पाच वेळा ६२०, असे एकूण ६,४०० पौंड भरते.

हा अधिभार गाडीला चिकटलेला असतो, मालकाला नव्हे. तीन वर्षांची गाडी २२,००० ला घेणाऱ्यालाही, ती नवी असताना ४३,००० ची होती म्हणून, उरलेली वर्षे तो भरावा लागतो. २०१७ नंतरची मोठी गाडी शोधा असे वर म्हटले आहे, त्याला ही पुरवणी जोडावी लागेल. शक्यतो सहा वर्षे पूर्ण झालेली शोधा.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनाही १ एप्रिल २०२५ पासून करमाफी राहिलेली नाही. एप्रिल २०१७ नंतरच्या विजेच्या गाड्या वर्षाला १९५ पौंड भरतात आणि नव्या गाडीला पहिल्या वर्षी १० पौंड पडतात. मात्र १ एप्रिल २०२५ पूर्वी नोंदवलेल्या विजेच्या गाड्यांना महागड्या गाडीचा अधिभार लागत नाही, त्यामुळे मोठी विजेची गाडी सेकंडहँड घेताना ही तारीखही पाहावी.

बोजा हलका करण्याचे मार्ग

कर एकरकमी किंवा वर्षातून एकदा डायरेक्ट डेबिटने भरला तर वरचे काही द्यावे लागत नाही. महिन्याच्या किंवा सहामाही डायरेक्ट डेबिटला ५ टक्के जास्त पडतात, आणि डायरेक्ट डेबिटविना सहा सहा महिन्यांचा भरला तर १० टक्के. लहान गाडीला हा फरक चहापाण्याचा असतो, पण एम गटातल्या गाडीला ७६० च्या जागी ७९८ किंवा ८३६ पौंड होतात.

गाडी काही महिने वापरायचीच नसेल तर ती रस्त्यावर नसल्याचे घोषणापत्र, म्हणजे सोर्न, देता येते. ते विनामूल्य असते आणि उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर परत मिळतो. अट मात्र कडक आहे. सोर्न झालेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही, ती स्वतःच्या ड्राइव्हवर, गॅरेजमध्ये किंवा अन्य खासगी जागेतच हवी. ज्यांचे घर एकाला एक लागून असलेल्या रांगेत आहे आणि गाडी घरासमोरच्या रस्त्यावर उभी राहते, त्यांना हा मार्ग उपलब्ध नाही. कर भरायचा राहिला आणि सोर्नही नसेल तर ८० पौंडांचा दंड घरी येतो, तो मुदतीत भरल्यास निम्मा होतो, आणि पुढे चाकाला कुलूपही लागू शकते.

घरात अपंग व्यक्ती असेल तर पुढची सवलत सर्वांत मोठी आहे, आणि मोठ्या गाड्या व्हीलचेअरसाठीच घेतल्या जातात अशीही अनेक घरे आहेत. पीआयपी या भत्त्याचा प्रवासविषयक भाग वाढीव दराने मिळत असेल तर एका गाडीचा कर पूर्ण माफ होतो, साध्या दराने मिळत असेल तर निम्मा होतो. गाडी त्या व्यक्तीच्या किंवा तिने नेमलेल्या चालकाच्या नावावर असावी लागते, आणि पूर्ण माफी असेल तर ती त्या व्यक्तीच्या गरजांसाठीच वापरावी लागते. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना हा भत्ता मिळत नाही, त्यामुळे त्यांच्या नावाने ही सवलत मिळेल अशी आशा धरू नये.

दुहेरी केबिनच्या पिकअपचा मार्ग काही जण सुचवतात. हायलक्स किंवा रेंजरसारखी गाडी हलके मालवाहू वाहन म्हणून नोंदलेली असेल तर तिला उत्सर्जनाशी संबंध नसलेला ३४५ पौंडांचा सपाट दर लागतो. परंतु तिच्यात पाचच आसने असतात, म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नाही, आणि कंपनीकडून मिळणार असेल तर एप्रिल २०२५ पासून आयकराच्या दृष्टीने अशा गाड्यांना साधारणपणे मोटारीसारखेच वागवले जाते.

लंडनचा रोजचा आकार हा वेगळा विषय आहे

रोड टॅक्स कमी आहे म्हणून लंडनचा युलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार, लागणार नाही, असा समज करून घेऊ नये. रोड टॅक्स कार्बन डायऑक्साइडवर असतो आणि युलेझ नायट्रोजनच्या ऑक्साइडवर व सूक्ष्म कणांवर. डिझेल गाडी युरो ६ आणि पेट्रोल गाडी युरो ४ मानकाची नसेल तर ती चालवली त्या प्रत्येक दिवसाला १२.५० पौंड पडतात, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून हा आकार लंडनच्या सर्व बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागांमध्ये, आहे. मार्च २००६ पूर्वीची, करात वाचणारी डिझेल सेव्हन-सीटर हॅरो किंवा वेंब्लीत रोज चालवली तर चौतीस-पस्तीस दिवसांतच एका वर्षाच्या कराएवढे पैसे युलेझमध्ये जातात. लंडनमध्ये राहणाऱ्याने त्या जुन्या गाड्यांतली पेट्रोलवर चालणारीच पाहावी, किंवा त्या वाटेला जाऊच नये.

व्यवहाराचा दिवस

विकणाऱ्याला फक्त उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर परत मिळतो आणि घेणाऱ्याचा कर त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मोजला जातो. त्यामुळे २९ तारखेला गाडी घेतली तर त्या एका महिन्याचा कर दोघेही भरतात. ७३५ पौंडांच्या गाडीसाठी हे साठएक पौंड होतात. विक्रेता तयार असेल तर दोन-तीन दिवस थांबून पहिल्या तारखेला गाडी ताब्यात घ्यावी. थांबणे शक्य नसेल तर ही रक्कम घासाघिशीत मोकळेपणाने मांडावी, कारण विक्रेत्यालाही हा नियम माहीत असतो.

गाडी ताब्यात घेताना लॉगबुकातला हिरवा भाग, म्हणजे नव्या मालकाची चिठ्ठी, मागून घ्यावा. त्यावरील बारा अंकी क्रमांकाने मोबाइलवरूनच कर भरता येतो आणि एमओटी चालू असेल तर पाच मिनिटांत काम होते. जुन्या मालकाने भरलेल्या करावर घरापर्यंत गाडी नेता येईल असे कोणी सांगितले तर ते मानू नये. विक्रीची नोंद होताच तो कर रद्द होतो, आणि रस्त्यावरील कॅमेरे नंबर वाचून गाडी करविना असल्याचे ओळखतात. किल्ली हातात घेण्यापूर्वी, विक्रेत्याच्या दारातच कर भरून मगच गाडी सुरू करावी.